टेबलावरचं साधं पाणी

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईहून मंचर, शिरूर किंवा रांजणगावकडे निघालं की वाटेत हॉटेलं आणि ढाबे लागतात. खुर्चीवर बसल्याबसल्या येणारा पहिला प्रश्न जेवणाचा नसतो. ‘पाणी साधं का बाटली?’ असं वेटर विचारतो. पुण्यातल्या वातानुकूलित हॉटेलात हाच प्रश्न जरा वेगळ्या थाटात येतो. काही ठिकाणी तर तो विचारलाही जात नाही. बाटल्या आधीच टेबलावर मांडलेल्या असतात आणि वेटर झाकणाला हात घालूनच उभा असतो. सोबत पाहुणे असतील, नवे व्याही असतील, लहान मुलं असतील, तर ‘साधंच आणा’ म्हणताना माणूस अवघडतो. एकीकडे चिकट ठरण्याची भीती, दुसरीकडे पोट बिघडण्याची. अशा वेळी विकली जाणारी वस्तू पाणी नसतेच, त्या दोन भीतींपासूनची सुटका असते. माझं म्हणणं असं आहे, की टेबलावरचं साधं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे ठाऊक असायची जबाबदारी हॉटेलचालकाची आहे. ते पिण्याजोगं असेल तर बाटली पुढे करण्याचं कारण उरत नाही. नसेल तर ते जगमध्ये भरून गिऱ्हाइकापुढे ठेवण्याचा त्याला अधिकार नाही. बाटली विकायला हरकत नाही. पण साध्या पाण्याबद्दलचा संशय तसाच ठेवून त्या संशयावर बाटली विकणं योग्य नाही.

ही रीत सगळ्यात स्पष्ट दिसते ती भर समुद्रात. मुंबईहूनही आता पर्यटनाची मोठी जहाजं सुटतात. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज इथून प्रवासी घेऊन निघालं, आणि मराठी कुटुंबांना क्रूझवरची सुट्टी आता अगदीच परकी राहिलेली नाही. चहूकडे खारं पाणी आणि जहाजावर हजारो माणसं. त्यांना प्यायला पाणी येतं कुठून? काही बंदरात भरून घेतलं जातं. बाकीचं जहाज स्वतः तयार करतं: इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून, किंवा मोठ्या दाबानं ते पडद्यातून गाळून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पडद्याच्या आधुनिक पद्धतीनं ते काढून हजार लिटर गोडं पाणी करायला सुमारे तीन ते चार युनिट वीज लागते. म्हणजे इतकी खटपट करूनही लिटरभर पाण्यामागे विजेचा खर्च काही पैशांचाच येतो. हे पाणी जगभरातल्या बहुतेक मोठ्या जहाजांवर जेवणाबरोबर फुकट मिळतं. तरीही जेवणघरात बाटलीबंद पाणी आग्रहानं पुढे केलं जातं, खोलीत बाटल्या किंमतपत्रासह मांडून ठेवल्या जातात आणि प्रवास सुरू होण्याआधीच बाटल्यांचे संच विकले जातात.

जहाजावरचं नळाचं पाणी मात्र संशय घ्यावा असं नसतं. अमेरिकेत १९७५ पासून जहाजांच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवणारा सरकारी कार्यक्रम चालतो. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची अचानक तपासणी होते, शंभरपैकी गुण दिले जातात, ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास ठरतं आणि हे गुण कुणालाही पाहता येतात. पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्यांत मुक्त क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम असावा, असा नियम आहे. तो कुठे मोजायचा, हेही ठरलेलं आहे: पाणी जिथे तयार होतं तिथेच नव्हे, तर वाहिनीच्या दूरच्या टोकालाही. त्या मोजणीची नोंद ठेवावी लागते. बंदराच्या गढूळ, प्रदूषित पाण्यातून पिण्याचं पाणी करायला मनाई आहे. इतकी हमी असलेलं पाणी समोर असताना प्रवासी बाटली घेतो, कारण ही हमी जेवणाच्या टेबलावर कुणी त्याला सांगत नाही.

आपल्याकडे मात्र हॉटेलातल्या पाण्याच्या कायद्याबद्दल लोकांच्या मनात बरेच गैरसमज आहेत. समाजमाध्यमांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो, की १८६७ च्या सराई कायद्यानुसार कोणत्याही हॉटेलात शिरून फुकट पाणी मागण्याचा हक्क आहे. त्या कायद्याच्या सातव्या कलमात सराईचालकाची कर्तव्यं आहेत. खोल्या, ओसऱ्या, गटारं आणि माणसांना व जनावरांना जिथून पाणी मिळतं त्या विहिरी-टाक्या दंडाधिकाऱ्याचं समाधान होईल इतक्या स्वच्छ ठेवाव्यात, असं तिथे सांगितलं आहे. फुकट पाण्याचा मजकूर त्यात नाही. मला मात्र त्या कलमात असलेली गोष्टच जास्त मोलाची वाटते. वाटसरूला उतरायला जागा देणाऱ्यानं पाण्याचा उगम स्वच्छ ठेवला पाहिजे, ही अपेक्षा दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलेली होती. आजचे अन्नसुरक्षेचे २०११ चे परवाना नियमही तेच सांगतात: अन्नव्यवसायात पिण्यायोग्य पाणीच वापरावं. परवानाधारक हॉटेलांनी टाक्या ठरावीक काळानं धुवाव्यात आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. परवान्याऐवजी नुसती नोंदणी पुरणाऱ्या चहाच्या टपरीलाही चांगल्या पाण्याची अट सुटलेली नाही. म्हणजे ‘साधं पाणी कसं आहे ते आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

बाटलीच्या किमतीचा प्रश्न वेगळा आहे. दुकानदारानं, टपरीवाल्यानं किंवा स्थानकावरच्या विक्रेत्यानं छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं बेकायदा आहे. ‘गार करण्याचे दोन रुपये’ ही सबब चालत नाही, आणि १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर त्याची तक्रार करता येते. हॉटेलांचं मात्र तसं नाही. हॉटेलं व उपाहारगृहांच्या महासंघानं केंद्र सरकारविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की हॉटेलात बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त दाम घेता येतो. न्यायालयाची विचारसरणी अशी होती, की माणूस हॉटेलात नुसती पाण्याची बाटली विकत घ्यायला जात नाही. तिथली जागा, बसण्याची सोय, वाढप, वातावरण या सगळ्याचा तो लाभ घेतो, आणि बाटली हा त्या एकत्रित सेवेचा भाग असतो. या निकालावर ग्राहक संघटना नाराज झाल्या. मला तो निकाल दुसऱ्या अंगानं उपयोगी वाटतो. हॉटेल नुसत्या वस्तू विकत नाही, एकत्रित सेवा विकतं, हे एकदा मान्य केलं, की त्या सेवेत साधं पाणी आपोआप येतं. खुर्ची, पंखा, हात धुवायचं बेसिन जसं सेवेचा भाग, तसाच पाण्याचा जगही. जागेच्या मोलासाठी बाटलीवर जादा पैसे घेणाऱ्यानं त्याच जागेतल्या जगातल्या पाण्याची हमी नाकारणं हे त्याच्याच युक्तिवादाच्या विरुद्ध जातं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप आरोग्याचा आहे, आणि पुणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसानं तो हलक्यानं घेऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागात गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पाय लुळे पडतात, काहींना श्वासासाठी यंत्राची मदत लागते. त्या साथीत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि मृत्यूही झाले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. अशा जिल्ह्यात कुणी ‘हॉटेलचं साधं पाणी नको’ म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. तान्ह्या मुलाची आई, वृद्ध माणसं, केमोथेरपी घेणारा रुग्ण यांनी खात्री नसेल तिथे सीलबंद बाटलीच घ्यावी, हा सल्ला मीही देईन. पण त्या साथीत आणखी एक गोष्ट पुढे आली. खासगी आरओ केंद्रांच्या पाण्याचे काही नमुनेही पिण्यायोग्य ठरले नाहीत, आणि महापालिकेनं अशी काही केंद्रं बंद केली. लोक ज्याला ‘फिल्टरचं’ म्हणून विश्वासानं विकत घेत होते, त्यातही खोट निघाली. पाण्याला किंमत पडली म्हणून ते शुद्ध होतं, असं नाही. शुद्धीकरण आणि तपासणी यांनीच ते होतं.

सीलबंद बाटलीचा इतिहासही हेच सांगतो. बिसलरी हे इटालियन नाव १९६५ मध्ये मुंबईत आलं, ठाण्यात कारखाना निघाला, आणि १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो व्यवसाय चार लाख रुपयांना विकत घेतला. सुरुवातीला काचेच्या बाटलीतलं हे पाणी मोठ्या हॉटेलांपुरतंच होतं. प्लॅस्टिकची हलकी बाटली आल्यावर ते हायवेवरच्या ढाब्यापर्यंत पोचलं. २००१ पासून बाटलीबंद पाण्याला भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. तरीही फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं दिल्ली-मुंबईतल्या बाटल्या तपासल्या, तेव्हा शिक्का असलेल्या पाण्यातही कीटकनाशकांचे अंश सापडले. देशभर खळबळ उडाली आणि कीटकनाशकांची मर्यादा आकड्यांत बांधणारे कडक नियम आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मानक ब्यूरोच्या शिक्क्याची सक्ती काढण्यात आली आणि त्यानंतर अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बाटलीबंद पाण्याला जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांच्या वर्गात घातलं, म्हणजे त्याच्या कारखान्यांची तपासणी जास्त काटेकोर व्हावी. बाटलीबंद पाणी मुळातच निर्धोक असतं, असं ते प्राधिकरणही मानत नाही. २०१८ मध्ये नऊ देशांतल्या ११ नाममुद्रांच्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या. त्यात भारतातल्या बाटल्याही होत्या आणि ९३ टक्के बाटल्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी बारीक कण मोजण्याची पद्धत वापरली, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार कण आढळले. हे कण शरीराला किती अपाय करतात, याचा पुरेसा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये म्हटलं होतं. त्यामुळे बाटली विषारी आहे असा डांगोरा पिटणं खोटेपणाचं होईल. जंतूंच्या बाबतीत चांगल्या कंपनीची सीलबंद बाटली अनोळखी टाकीच्या पाण्यापेक्षा बहुधा सुरक्षितच असते. पण ‘बाटली म्हणजे निखळ शुद्धता’ हा जो समज टेबलावर विकला जातो, त्याला आधार नाही.

मग साध्या पाण्याची हमी देणं अवघड आहे का? शहरी वाचकाला ठाऊक नसेल, पण महाराष्ट्राच्या खेड्यांत यासाठी एक व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे. कवठे येमाई घोड-कुकडीच्या खोऱ्यात येतं. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे या पट्ट्यात ऊस उभा राहिला. त्याच तालुक्यात पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी कुठूनही येवो, ते गावाच्या टाकीत पडलं की त्यात ब्लीचिंग पावडर म्हणजे गावाच्या भाषेत टीसीएल टाकायची आणि नळाला आलेल्या पाण्याची ओटी चाचणी करायची, हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. नळीत थोडं पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. रंगपट्टीशी ताडून प्रमाण वाचता येतं. दोन-चार मिनिटांत होणारं हे काम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मुक्त क्लोरीनचं किमान प्रमाण लिटरला ०.२ मिलिग्रॅम सांगितलं आहे. अटलांटिकमधल्या आलिशान जहाजाला लागू असलेला आकडा आणि शिरूर तालुक्यातल्या टाकीला लागू असलेला आकडा एकच आहे. चाचणीची तऱ्हाही एकच: ओटी टाकीजवळच्या नळाला घेऊन भागत नाही, वाहिनीच्या शेवटच्या घराला घ्यावी लागते, कारण क्लोरीन वाटेत खर्ची पडतो आणि जोडावर कुठे गटाराचं पाणी शिरलं असेल तर ते शेवटीच कळतं.

या व्यवस्थेत गावाला गुणपत्रकही मिळतं. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, असं वर्षातून दोनदा, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकवणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड मिळतं. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशननंतर गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या संचाचं प्रशिक्षण देण्याची पद्धत आली. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात तसंच घडतं, असा माझा दावा नाही. टीसीएलची पोती ओलाव्यानं निकामी होतात, ओटीची वही एका बैठकीत भरली जाते, हे खेड्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. तरी या गोष्टीचं महत्त्व कमी होत नाही. साधन स्वस्त आहे, पद्धत माहीत आहे, माणूस नेमलेला आहे, आणि निकाल लाल-हिरव्या रंगात कुणालाही समजेल असा आहे. पंचायतीच्या नळापर्यंत पाण्याला निदान एक जबाबदार माणूस आहे.

साखळी तुटते ती त्यानंतर. पंचायतीच्या नळातून किंवा टँकरमधून पाणी हॉटेलच्या गच्चीवरच्या टाकीत पडतं. टाकी कधी धुतली, झाकण बसतं का, आत शेवाळं धरलंय का, हे पाहणारं कुणी नसतं. तिथून ते पिंपात किंवा कूलरमध्ये जातं, मग जगात, आणि शेवटी चार बोटं आत बुडवून उचललेल्या ग्लासांत. जहाजाच्या नियमात आणि गावच्या ओटीत जे ‘शेवटचं टोक’ मोजायला सांगितलं आहे, ते हॉटेलात हा ग्लास आहे, आणि तिथे कुणीच मोजत नाही. एवढंच टोक सांभाळलं की बाकीचं काम झालेलंच असतं. टाकी महिन्यातून एकदा धुऊन तारीख भिंतीवर लिहायची, पिंपाला तोटी लावायची म्हणजे त्यात हात किंवा मग बुडत नाही, ग्लास बुडाशी धरायचे, रोज सकाळी कूलरच्या तोटीच्या पाण्याची ओटी घेऊन वहीत नोंद करायची, आणि वर्षातून दोनदा सरकारी प्रयोगशाळेकडून जंतूंची तपासणी करून घ्यायची. मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू एकही आढळता कामा नये. तो अहवाल गल्ल्यामागे देवाच्या तसबिरीशेजारी लावला, तर गिऱ्हाइकाच्या मनातली शंका वेटरनं काही न बोलताच फिटेल.

‘आमच्याकडचं पाणी जड आहे, चवीला लागत नाही, म्हणून बाटली’ असं पुष्कळ हॉटेलचालक सांगतात. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी कठीण असतं, हे खरंच. चवीचा आणि धोक्याचा हिशेब मात्र वेगवेगळा करावा लागतो. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. पाचशेच्या आत असलेल्या पाण्याला आरओ यंत्राची गरज नसते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओ वापरण्यावर निर्बंध आणायला सांगितलं होतं, कारण हे यंत्र बरंच पाणी वाया घालवतं. मर्यादेपलीकडे क्षार असतील किंवा उसाच्या पट्ट्यात खतांमुळे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं असेल, तर ते क्लोरीननं जात नाही, तिथे आरओच लागतं. पण ते हॉटेलचालकानं स्वतःच्या खर्चानं बसवायचं, जसा तो चांगल्या तेलाचा खर्च स्वतः करतो. गिऱ्हाइकानं प्रत्येक जेवणाला बाटली घेऊन त्याची भरपाई करायची नाही.

छोट्या हॉटेलचालकाची बाजूही ऐकली पाहिजे. थाळीत नफा थोडा, गॅस महाग, मजूर टिकत नाहीत. बाटलीची पेटी घाऊक भावात छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि ती ना शिजवावी लागते ना खरकटी होते. तेवढ्यावर त्याचा दिवस निभावतो. ही अडचण खरी आहे, पण तिचं उत्तर थाळीच्या दरात शोधलं पाहिजे. गावातल्या आरओ केंद्रावर साधारण पाच-दहा रुपयांत वीस लिटर पाणी मिळतं, म्हणजे लिटरला २५ ते ५० पैसे. लिटरच्या बाटलीची किंमत वीस रुपयांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ मध्ये बाटलीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि रेल्वेनं आपलं ‘रेल नीर’ लिटरला १४ रुपये केलं. तरीही तफावत साधारण तीस ते ऐंशी पटींच्या घरात राहते. शंभर गिऱ्हाइकांना चांगलं साधं पाणी पाजायचा खर्च माणशी रुपयाच्याही आत बसतो. थाळी दोन रुपयांनी वाढवून दर्शनी फलकावर ‘तपासलेलं पाणी जेवणाबरोबर’ असं लिहिणारा हॉटेलचालक गिऱ्हाइकाला फसवत नाही आणि स्वतःही बुडत नाही. फ्रान्समध्ये १९६७ पासून जेवणाबरोबर साधं पाणी आणि पाव हे जेवणाच्या दरातच धरलेले आहेत, आणि २०२२ पासून तिथल्या हॉटेलांना ‘पाणी मोफत मिळेल’ असं पदार्थांच्या यादीत लिहावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी मागणाऱ्याला नळाचं पाणी फुकट देणं २०१० पासून बंधनकारक आहे. या सगळ्या ठिकाणी बाटलीबंद पाणी विकलं जातंच, हॉटेलंही चालतात.

‘ज्याला परवडतं तो बाटली घेईल, ज्याला नाही तो साधं पिईल, यात काय बिघडलं?’ असाही प्रश्न येतो. महाराष्ट्रात हा प्रश्न इतक्या सहज सोडून देता येत नाही. एका पाणवठ्यावर सगळ्यांनी पाणी प्यावं, यासाठी या भूमीवर मोठा संघर्ष झाला आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये सी. के. बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि तो हक्क न्यायालयात टिकायला १९३७ साल उजाडावं लागलं. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं आणि उपाहारगृहं यांचा उल्लेख ज्या उपकलमात आहे, त्याच उपकलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाटही आहेत. गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत वेगळे कप ठेवले जात, हे पाहिलेली पिढी अजून हयात आहे. बाटली आणि जग यांतला भेद जन्माचा नाही, पैशाचा आहे, आणि या दोहोंची बरोबरी करणं त्या लढ्याचा अवमान ठरेल, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच हॉटेलातला सामायिक जग ही मला क्षुल्लक गोष्ट वाटत नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते सगळे बाटलीकडे वळले, की जगातल्या पाण्याबद्दल तक्रार करणारा आवाजच उरत नाही, आणि ऊसतोड मजूर, ट्रकचालक, कॉलेजची मुलं यांच्या वाट्याला येणारं पाणी आणखी बिघडतं. सगळे एकच पाणी पितात तेव्हाच ते चांगलं ठेवण्याचा दबाव राहतो. एसटीच्या स्थानकांवर विकल्या जाणाऱ्या ‘नाथजल’ या बाटलीला संत एकनाथांचं नाव आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. तहानेला लायकी विचारायची नाही, ही तिची शिकवण आपल्या हॉटेलांच्या टेबलावरही लागू पडायला हवी.

म्हणून मागणी साधी आहे. कवठे येमाईच्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीतली हॉटेलं, ढाबे आणि मंगल कार्यालयं ओटी चाचणीच्या फेरीत घ्यावीत, आणि गावाला मिळालेलं कार्ड व हॉटेलची ताजी नोंद एकाच फलकावर लावायला सांगावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि जलसुरक्षकाची दहा मिनिटं पुरतात. मंगल कार्यालयांनी दोनशे मिलिलिटरच्या बाटल्यांचे ढीग लावण्याऐवजी तोटीची पिंपं आणि तपासणीचा अहवाल ठेवावा. आणि जेवायला बसलेल्यानं, सोबत कुणीही असो, न संकोचता ‘साधं पाणी आणा’ म्हणावं, न मागता टेबलावर मांडलेली बाटली परत पाठवावी, आणि टाकी शेवटची कधी धुतली, हे मालकाला विचारावं. उत्तर देता येत नसेल, तर तिथे जेवूही नये. ज्या टाकीचं पाणी प्यायला भीती वाटते, त्याच पाण्यात तिथली भाजी धुतलेली असते आणि चटणी वाटलेली असते.